युद्धकाळ, राजसत्ता आणि शांतीची साक्ष : रोलंड बेन्टन यांच्या मांडणीची महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींच्या संदर्भात चिकित्सा

प्रस्तावना

डोंगरावरील प्रवचनात शत्रूवरही प्रेम करण्याची शिकवण आहे आणि ती शिरोधार्य मानणाऱ्या मंडळींनी गेल्या सोळा शतकांत अनेक युद्धांना आशीर्वाद दिले आहेत. या विसंगतीवर बोट ठेवणे सोपे आहे. चर्चासत्रांतून ते वारंवार ठेवले जाते आणि विषय तेथेच संपतो. शांततेच्या काळात चर्च शांतीचा पुरस्कार करते व रणशिंग वाजताच राष्ट्राच्या बाजूने उभे राहते, हे निरीक्षण स्थूलमानाने खरे आहे. परंतु निरीक्षण म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. हा बदल का होतो, तो सर्व मंडळींत सारखाच होतो काय, आणि तो केवळ ख्रिस्ती मंडळींचाच दोष मानता येईल काय, हे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

या विषयावरील सर्वपरिचित ग्रंथ म्हणजे अमेरिकेतील येल विद्यापीठात चर्चचा इतिहास शिकविणारे प्राध्यापक रोलंड बेन्टन यांचा १९६० साली प्रसिद्ध झालेला ‘ख्रिश्चन ॲटिट्यूड्स टोवर्ड वॉर अँड पीस’ हा होय. प्रस्तुत लेखात या ग्रंथातील मध्यवर्ती मांडणी महाराष्ट्रातील ख्रिस्ती मंडळींच्या इतिहासावर तपासून पाहिली आहे. मंडळीची युद्धविषयक भूमिका तिच्या सिद्धान्तापेक्षा राजसत्तेशी असलेल्या तिच्या व्यवहारावर, म्हणजे परवाना, पारपत्र, अनुदान व मालमत्ता यांवर, अधिक अवलंबून असते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. युद्ध ही भूमिका नव्याने घडवीत नाही. आधीच झालेला करार ते उघड करते.

कर्जत-खालापूर परिसरातील अभ्यासकाला हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. याच कर्जत तालुक्यात माथेरानची ब्रिटिशकालीन चर्चे आहेत आणि याच तालुक्यातून १९४२ साली भाई कोतवालांचा आझाद दस्ता उभा राहिला. चर्च आणि आझाद दस्ता या दोहोंपुढे महायुद्धाने एकच प्रश्न टाकला होता : शांतीचे व्रत युद्धकाळात पाळायचे की बाजूस ठेवायचे? या साम्याचा विचार लेखाच्या उत्तरार्धात केला आहे.

बेन्टन यांची त्रिविध मांडणी

बेन्टन यांच्या मते ख्रिस्ती परंपरेत युद्धाकडे पाहण्याच्या तीन वृत्ती आढळतात. पहिली शांतिवादाची, ती सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या काळापर्यंत, म्हणजे चौथ्या शतकाच्या आरंभापर्यंत, प्रभावी होती. दुसरी न्याय्य युद्धाची. साम्राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर संत अँब्रोज व संत ऑगस्टीन यांनी ग्रीक-रोमन विचारांच्या आधारे तिला आकार दिला. युद्धाचा हेतू न्याय्य असावा, ते अधिकृत सत्तेने पुकारलेले असावे, साधनांत संयम असावा, या तिच्या अटी होत. तिसरी वृत्ती क्रूसयुद्धाची. तिच्यात युद्ध हे ईश्वराचे कार्य ठरते आणि शत्रू हा केवळ विरोधक न राहता ईश्वराचा वैरी ठरतो.

येथे मराठी वाचकाने एका शब्दाबाबत सावध असावे. क्रुसेड या शब्दासाठी मराठीत ‘धर्मयुद्ध’ हा शब्द सर्रास वापरला जातो. परंतु महाभारताच्या परंपरेत धर्मयुद्ध म्हणजे नियमांनी बांधलेले युद्ध. सूर्यास्तानंतर शस्त्र न उचलणे, निःशस्त्रावर वार न करणे हे त्याचे संकेत होत. या अर्थाने आपले धर्मयुद्ध बेन्टन यांच्या दुसऱ्या प्रकाराला, म्हणजे न्याय्य युद्धाला, जवळचे आहे. तिसऱ्या प्रकारासाठी ‘क्रूसयुद्ध’ हाच शब्द योजणे इष्ट. भाषांतरातील हा घोटाळा दूर न केल्यास मर्यादा पाळणारे युद्ध आणि मर्यादा झुगारणारे युद्ध एकाच नावाने ओळखले जाते व चर्चा मुळातच फसते.

बेन्टन यांच्या मांडणीचे सामर्थ्य तिच्या स्पष्टतेत आहे. स्वतः बेन्टन पहिल्या महायुद्धात शस्त्र धरण्यास नकार देऊन क्वेकरांच्या मदतकार्यात गेले होते. तरीही न्याय्य युद्धाची बाजू त्यांनी प्रामाणिकपणे मांडली आहे. अमेरिकन मंडळींचा विसाव्या शतकातील प्रवास त्यांच्या चौकटीत नेमका बसतो : पहिल्या महायुद्धात क्रूसयुद्धाचा आवेश, दोन युद्धांच्या मधल्या काळात शांतिवादाची लाट, दुसऱ्या महायुद्धात खिन्न मनाने स्वीकारलेले न्याय्य युद्ध.

मात्र ही चौकट प्रामुख्याने युरोप-अमेरिकेतील अनुभवावर उभी आहे. तेथे मंडळी आणि राष्ट्र एकमेकांना ओळखतात; सैनिक हा मंडळीचा सभासद असतो आणि मंडळीला राष्ट्रात मत असते. वसाहतीतील मंडळीची स्थिती निराळी होती. तिचे धर्मगुरू एका देशाचे, राज्यकर्ते दुसऱ्या देशाचे आणि सभासद तिसऱ्या. अशा मंडळीला युद्धाविषयी भूमिका घेण्याचे स्वातंत्र्य कितपत होते, हा प्रश्न बेन्टन यांच्या चौकटीत उपस्थितच होत नाही.

परवान्याच्या आधारे उभी राहिलेली मंडळी

मराठी प्रॉटेस्टंट मंडळीचा आरंभच एका युद्धाच्या छायेत झाला. अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट हे मिशनरी ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईत पोहोचले तेव्हा ब्रिटन व अमेरिका यांच्यात १८१२ साली सुरू झालेले युद्ध चालू होते. हे दोघे कंपनी सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक होते आणि त्यांना परत पाठविण्याचा कलकत्त्याचा आदेश होता. ते कोचीनपर्यंत निसटले, परत आणले गेले. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्या सहानुभूतीमुळे व त्याच वर्षीच्या सनदी कायद्यामुळे अखेर त्यांना राहता आले. पुढे अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) बहरलेली अमेरिकन मराठी मिशन ही संस्था अशी सरकारी परवानगीच्या धाग्यावर उभी राहिली. ज्या संस्थेचे अस्तित्वच राज्यकर्त्यांच्या अनुमतीवर अवलंबून आहे, ती संस्था त्या राज्यकर्त्यांच्या युद्धाविषयी काय बोलणार, याचे उत्तर या प्रारंभातच आहे.

अँग्लिकन मंडळीचा प्रश्न वेगळा होता. ती राज्यकर्त्यांचीच मंडळी होती. तिच्या एकोणचाळीस धर्मकलमांपैकी सदतिसाव्या कलमानुसार शासनाच्या आज्ञेवरून शस्त्र धारण करणे ख्रिस्ती माणसास विहित आहे, आणि १६६२ च्या तिच्या प्रार्थनापुस्तकात युद्धप्रसंगी करावयाची प्रार्थना आहे. हे प्रार्थनापुस्तक मराठीतही आले. माथेरानच्या सेंट पॉल चर्चसारख्या वास्तूंकडे आपण गिरिस्थानाच्या इतिहासातील अवशेष म्हणून पाहतो. परंतु तेथे चाललेल्या उपासनेच्या शब्दांतच राजा, राज्य आणि रण यांचा संबंध आधीपासून निश्चित झालेला होता. युद्ध आले म्हणून नवी भूमिका घेण्याची या मंडळीला गरजच नव्हती. पुस्तकाचे योग्य ते पान उघडणे पुरेसे होते.

पहिल्या महायुद्धाचा सर्वांत तीव्र आघात कॅथलिक ख्रिस्तसभेवर झाला. मुंबई-पुणे प्रांताचे कार्य एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जर्मन जेझुइटांकडे होते. मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय त्यांनीच १८६९ मध्ये स्थापन केले. १९१४ नंतर हे शिक्षक व धर्मगुरू एकाएकी ‘शत्रू’ ठरले. अनेकांना नजरकैदेत ठेवण्यात आले व पुढे मायदेशी पाठविण्यात आले. अहमदनगरला जर्मन नागरिकांसाठी मोठी छावणी होती. आर्चबिशप हेर्मान युर्गेन्स १९१६ मध्ये निधन पावले. त्यांच्या जागी इंग्रज जेझुइट आल्बन गुडियर यांची नेमणूक १९१९ मध्ये झाली, आणि कालांतराने हे कार्य स्पॅनिश जेझुइटांकडे सोपविण्यात आले. इतिहाससंशोधक फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये सेंट झेवियर्समध्ये आले, ते या बदलाच्याच ओघात. भारतीय इतिहाससंशोधनाला लाभलेल्या एका मोठ्या अभ्यासकाच्या आगमनामागे अशी युद्धाने रिकामी केलेली जागा होती.

याच काळात, १ ऑगस्ट १९१७ रोजी, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी युद्धखोर राष्ट्रांना शांततेचे आवाहन केले होते. रोममधील आवाज सर्व राष्ट्रांना उद्देशून होता. मुंबईतील ख्रिस्तसभा मात्र कोणत्या राष्ट्राचा पाद्री वेदीपाशी उभा राहू शकतो या प्रश्नाने ग्रासलेली होती. विश्वव्यापी म्हणविणाऱ्या चर्चचे विश्वव्यापित्व युद्धकाळात पारपत्रावरील शिक्क्यापाशी येऊन थांबले. येथे शांतिवाद, न्याय्य युद्ध किंवा क्रूसयुद्ध यांपैकी कोणतीच वृत्ती दिसत नाही. दिसते ते मौन, आणि ते मौन सक्तीचे आहे. बेन्टन यांच्या त्रिविध मांडणीत या चौथ्या वृत्तीला स्थान नाही.

दोन युद्धांमधील वीस वर्षे

युद्ध संपल्यावर पश्चिमेकडील मंडळींत पश्चात्तापाची भावना निर्माण झाली. १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी आंतरराष्ट्रीय तंटे सोडविण्याचे साधन म्हणून युद्ध हे ख्रिस्ताच्या शिकवणीशी विसंगत असल्याचे जाहीर केले. इंग्लंडमध्ये डिक शेपर्ड या धर्मगुरूंच्या १९३४ मधील आवाहनाला प्रतिसाद देऊन एक लाखाहून अधिक लोकांनी युद्धत्यागाची प्रतिज्ञा केली.

महाराष्ट्रात या लाटेला एक वेगळे परिमाण लाभले, कारण येथे गांधीजींचा सत्याग्रह समोर होता. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये स्थापन केलेला ख्रिस्त सेवा संघ पुढे पुण्यात स्थिरावला. १९२७ मध्ये ऑक्सफर्डहून आलेले तरुण पाद्री व्हेरिअर एल्विन या आश्रमात दाखल झाले. एल्विन यांनी १९३० मध्ये ‘ख्राइस्ट अँड सत्याग्रह’ हे पुस्तक लिहून सविनय कायदेभंगाला ख्रिस्ती दृष्टीतून नैतिक आधार दिला. विन्स्लो व एल्विन यांचे ‘द डॉन ऑफ इंडियन फ्रीडम’ हे पुस्तक १९३१ मध्ये निघाले. शांतिवाद म्हणजे केवळ शस्त्र न उचलणे नसून अन्यायाला निःशस्त्र प्रतिकार करणे होय, हा आशय ख्रिस्ती विचारात पुण्याच्या भूमीवरून आला, ही महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासातील नोंद घेण्याजोगी घटना आहे.

परंतु या विचाराला किंमत मोजावी लागताच संस्था मागे सरल्या. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने परदेशी मिशन संस्था व मिशनऱ्यांकडून प्रस्थापित सरकारशी एकनिष्ठ सहकार्याची व राजकारणापासून अलिप्ततेची हमी घेण्याची पद्धत सुरू केली होती. युद्धकाळातील संशय शांततेच्या काळात कायमस्वरूपी कागद होऊन बसला. अमेरिकन मराठी मिशनच्याच बोर्डाची भगिनी संस्था असलेल्या मदुरा मिशनमधील राल्फ रिचर्ड कीथन यांनी १९३० मध्ये गांधीजींचे इंग्रज सहकारी रेजिनाल्ड रेनल्ड्स यांना घरी उतरवून घेतले, एवढ्यावरून त्यांना देश सोडावा लागला. पुढे परत आल्यावर १९४४ मध्ये पुन्हा तेच घडले. एल्विन १९३२ मध्ये इंग्लंडला गेले असता राजकारणात भाग न घेण्याचे लेखी आश्वासन दिल्यावरच त्यांना भारतात परतता आले. त्यानंतर शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती सहकाऱ्यासह त्यांनी मध्य प्रांतातील गोंडांमध्ये अनेक वर्षे काम केले. १९४० मध्ये जे. होम्स स्मिथ व त्यांच्या काही अमेरिकन मेथडिस्ट सहकाऱ्यांनी ‘ख्रिस्ताग्रह’ या नावाने युद्ध व साम्राज्य यांविरुद्ध निवेदन काढले, तेव्हा त्यांनाही भारत सोडावा लागला.

या घटनांत एक सूत्र आहे. शांतीची साक्ष व्यक्तींनी दिली. हमी संस्थांनी दिली. संस्थेजवळ शाळा होत्या, रुग्णालये होती, अनाथाश्रम होते. एका मिशनऱ्याच्या विवेकासाठी शेकडो मुलांची शाळा पणाला लावावी काय, हा प्रश्न ज्यांच्यापुढे होता त्यांना भित्रे म्हणणे न्यायाचे होणार नाही. मात्र त्यांचा निर्णय धर्मशास्त्राच्या आधारे झाला असे म्हणणेही खरे होणार नाही.

शांतिमंडळीची कसोटी : डहाणूची ब्रदरन मंडळी

सिद्धान्त की व्यवहार, या प्रश्नाचा खरा निकाल लावायचा तर ज्या मंडळीचा सिद्धान्तच शांतिवादी आहे तिच्याकडे पाहिले पाहिजे. असे उदाहरण कोकणातच उपलब्ध आहे. चर्च ऑफ द ब्रदरन ही मंडळी १७०८ मध्ये जर्मनीतील श्वार्झेनाउ येथे उदयास आली. क्वेकर व मेनोनाइट यांच्याबरोबर तिची गणना ऐतिहासिक शांतिमंडळींत होते. तिचे अमेरिकन मिशनरी विल्बर स्टोव्हर व त्यांचे सहकारी १८९४ मध्ये भारतात आले. त्यांचे कार्य दक्षिण गुजरातेत वलसाड, अंकलेश्वर येथे आणि मराठी मुलुखात डहाणू, वाडा व पालघर या आजच्या पालघर जिल्ह्यातील भागांत पसरले. डहाणूचे मिशन रुग्णालय हे त्याचे दृश्य रूप.

या मंडळीवर युद्धाचा परिणाम प्रथम तिच्या अमेरिकेतील मूळ शाखेत दिसला. जानेवारी १९१८ मध्ये गोशेन येथील विशेष परिषदेने आपल्या तरुणांना सैनिकी गणवेश न घालण्याचा व कवायत न करण्याचा सल्ला दिला. सरकारने राजद्रोहाच्या खटल्याची धमकी देताच काही महिन्यांत ते निवेदन मागे घेण्यात आले. १९३५ मध्ये याच मंडळीने सर्व युद्ध हे पाप असल्याचे घोषित केले. परंतु दुसऱ्या महायुद्धात सैन्यात बोलावल्या गेलेल्या तिच्या तरुणांपैकी बहुसंख्यांनी गणवेश स्वीकारला आणि थोड्यांनीच विवेकाधारित नकाराचा मार्ग धरून नागरी सेवाशिबिरे पत्करली. सिद्धान्त अबाधित राहिला, सभासद त्याच्यापासून दूर गेले.

भारतातील शाखेपुढे प्रश्न निराळ्या रूपात आला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारतातील सहा मंडळी एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन मंडळी होती आणि ब्रदरनही होती. शासनाच्या आज्ञेने शस्त्रधारणा विहित मानणारी एक परंपरा आणि युद्धमात्राला पाप मानणारी दुसरी एकाच छत्राखाली आल्या. ऐक्याच्या दृष्टीने ही मोठी उपलब्धी होती. मात्र संयुक्त मंडळीत शांतिवाद ही सभासदत्वाची अट राहिली नाही. ती वैयक्तिक विवेकाची बाब झाली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर १९७१ मध्ये, भारत-पाकिस्तान युद्ध झाले. पुढील काळात ब्रदरन वारशाचा एक गट या विलीनीकरणातून बाहेर पडू पाहत होता व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१३ मध्ये न्यायालयाने विलीनीकरण वैध ठरविले. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की हा दीर्घ वाद मुख्यतः विलीनीकरणाची वैधता व मालमत्तेचा हक्क यांभोवती फिरला. या मंडळीचे शांतिवादाचे मूळ तत्त्व वादाच्या केंद्रस्थानी नव्हते.

यावरून असे म्हणता येईल की शांतिवाद युद्धातच नष्ट होतो असे नाही. ऐक्य, प्रशासन व मालमत्ता यांच्या दैनंदिन व्यवहारातही तो विरून जातो. बेन्टन यांची चौकट युद्धाच्या क्षणावर लक्ष केंद्रित करते, त्यामुळे शांततेच्या काळात होणारी ही झीज तिच्यातून सुटते.

सैनिकी पेशाचा दुसरा अर्थ

येथवरचे विवेचन मिशनऱ्यांचे व संस्थांचे झाले. प्रत्यक्ष मराठी ख्रिस्ती समाजाचा विचार केल्याशिवाय ते एकांगी राहील. अहमदनगर परिसरातील मंडळींचा मोठा भाग महार व मांग समाजांतून आला होता. या समाजांसाठी, विशेषतः महार समाजासाठी, लष्कर हा उपजीविकेबरोबरच प्रतिष्ठेचा मार्ग होता. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा गोपाळबुवा वलंगकरांसारख्या नेत्यांनी तिच्याविरुद्ध अर्ज केले. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, महार रेजिमेंट पुन्हा उभी करावी लागली. युद्ध आले की दार उघडायचे व युद्ध संपले की बंद व्हायचे, असा हा क्रम आहे.

ज्या समाजाला शस्त्र धरण्याचा हक्कच नाकारला गेला, त्याला शस्त्रत्यागाचा उपदेश करणे नैतिकदृष्ट्या अवघड आहे. त्याग करण्यासाठी आधी अधिकार असावा लागतो. केंब्रिज-ऑक्सफर्डच्या पदवीधराचा शांतिवाद आणि गावकुसाबाहेरील कुटुंबातील तरुणाचे भरतीच्या रांगेत उभे राहणे, या दोहोंना एकाच मापाने मोजता येत नाही. चर्चच्या शांतिविषयक इतिहासात हा आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि ही केवळ बेन्टन यांचीच नव्हे, तर एकूण अभ्यासपरंपरेची मर्यादा होय.

आपल्या अंगणातील प्रश्न

आता लेखाच्या आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाकडे वळता येईल. युद्धकाळात शांतीची भूमिका बदलणे हा ख्रिस्ती मंडळींचाच दोष काय? १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात गांधीजी ब्रिटिश सैन्यासाठी भरतीचा प्रचार करीत होते आणि त्यांना पत्राद्वारे आक्षेप घेणारे होते चार्ल्स अँड्र्यूज, म्हणजे एक इंग्रज ख्रिस्ती मित्र. जुलै १९४० मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने स्वातंत्र्याच्या मोबदल्यात युद्धप्रयत्नांत सहकार्य करण्याची तयारी दर्शविली आणि त्यासाठी काही काळ गांधीजींच्या अहिंसेपासून फारकत घेतली. सरकारने तो प्रस्ताव नाकारल्यावर पुन्हा गांधीजींकडे सूत्रे आली व ऑक्टोबर १९४० मध्ये विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला प्रारंभ केला. राष्ट्रीय चळवळीतही हमीची व व्यवहाराची भाषा होती आणि विवेकाची साक्ष अखेर व्यक्तींनाच द्यावी लागली.

कर्जत तालुक्याचा अनुभव याहून बोलका आहे. माथेरानचे भाई कोतवाल हे वकील व समाजसेवक. १९४२ च्या आंदोलनात अहिंसक मार्गाच्या सीमा ओलांडून त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणाऱ्या विजेच्या वाहिन्यांचे मनोरे पाडले. युद्धसामग्री पुरविणाऱ्या मुंबईच्या कारखान्यांचा वीजपुरवठा तोडणे हा त्यामागील हेतू होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल व हिराजी पाटील पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. आपण दरवर्षी त्यांना वंदन करतो आणि ते उचितच आहे. परंतु वर्गात गांधीजींची अहिंसा शिकविताना आणि त्याच वर्गात सिद्धगडाची गाथा सांगताना या दोहोंतील ताण आपण विद्यार्थ्यांपुढे मांडतो काय? बहुधा मांडत नाही. चर्चला विसंगतीबद्दल दोष देताना आपण जो निकष लावतो, तो आपल्या हुतात्म्यांना लावताना आपला हात थबकतो. हा संकोच समजण्याजोगा आहे. पण तोच संकोच समोरच्या परंपरेविषयीही बाळगणे ही विद्वत्तेची किमान अट आहे.

याचा अर्थ सर्व भूमिका सारख्याच क्षम्य ठरतात असा नव्हे. मनोरा पाडताना आझाद दस्त्याने लक्ष्य निवडले होते. त्यांची कृती न्याय्य युद्धाच्या मर्यादांशी ताडून पाहता येते. फेब्रुवारी १९४४ मध्ये चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटिश उमराव सभागृहात जर्मन शहरांवरील सरसकट बाँबवर्षावाचा जाहीर निषेध केला. बेल यांनी नाझीविरोधी युद्धाला विरोध केलेला नव्हता. साधनांची मर्यादा सुटली एवढाच त्यांचा आक्षेप होता आणि तो ऐन युद्धात, स्वतःच्या राष्ट्राविरुद्ध होता. याउलट सप्टेंबर २०२२ मध्ये रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांनी युक्रेन युद्धात कर्तव्य बजावताना मरणाऱ्या सैनिकाची पापे धुतली जातात, अशा आशयाचे प्रवचन केले. तेथे मर्यादेचा विचारच संपतो. शांतिवादापासून ढळलेल्या मंडळीला न्याय्य युद्धाची मर्यादा तरी पाळता येते की नाही, ही खरी कसोटी होय.

मुंबईचे आवाहन

महाराष्ट्राच्या भूमीवरून युद्धाविषयी चर्चने काढलेला सर्वांत व्यापक उद्गार डिसेंबर १९६४ मधील आहे. आंतरराष्ट्रीय युखरिस्ट परिषदेसाठी मुंबईत आलेले पोप सहावे पॉल यांनी पत्रकारांच्या माध्यमातून जगातील राष्ट्रांना आवाहन केले की शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग वळवून गरीब राष्ट्रांच्या विकासासाठी जागतिक निधी उभारावा. १९६७ च्या आपल्या ‘पॉप्युलोरम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात त्यांनी या मुंबईच्या आवाहनाचे स्मरण केले. शांतीचा प्रश्न त्यांनी भुकेच्या प्रश्नाशी जोडला. हे आवाहन मुंबईतून व्हावे हे समर्पक होते. तरीही वर्ष उलटण्यापूर्वीच, १९६५ मध्ये, भारत व पाकिस्तान रणांगणात उतरले. आवाहन विफल ठरले असे म्हणावे काय? युद्ध टाळण्याच्या दृष्टीने विफलच. परंतु शांती ही वैयक्तिक पुण्याची बाब न राहता अर्थसंकल्पाची बाब ठरावी, हा त्यातील विचार युद्धामुळे खोटा ठरत नाही.

समारोप

उपरोक्त विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. एक, बेन्टन यांची त्रिविध मांडणी उपयुक्त असली तरी वसाहतीतील मंडळींना लागू करताना तिच्यात सक्तीच्या मौनाची चौथी वृत्ती जोडणे आवश्यक आहे. दोन, भूमिका बदलाचे मुख्य कारण धर्मशास्त्रात न शोधता मंडळी व राजसत्ता यांच्यातील परवाने, हमीपत्रे व मालमत्ता यांत शोधले पाहिजे; १८१३ चा आदेश, १९१४ नंतरची नजरकैद, १९३२ चे एल्विन यांचे आश्वासन आणि १९७० चे विलीनीकरण ही त्याची साक्ष होय. तीन, शांतीची साक्ष संस्था टिकवू शकत नसल्या तरी त्यांनी आपल्यातील साक्ष देणाऱ्या व्यक्तींना संरक्षण द्यावे, एवढी अपेक्षा करता येते. कीथन किंवा ख्रिस्ताग्रहाच्या कार्यकर्त्यांबाबत हे संरक्षण अपुरे पडले.

हा तिसरा निष्कर्ष केवळ चर्चपुरता नाही. महाविद्यालय हीदेखील परवाना, अनुदान व मान्यता यांवर उभी असलेली संस्था आहे. युद्धाच्या वातावरणात वेगळे मत मांडणाऱ्या आपल्या सहकाऱ्याबाबत वा विद्यार्थ्याबाबत आपण कसे वागतो, त्यावरून चर्चच्या इतिहासाविषयी बोलण्याचा आपला अधिकार ठरेल.